ऊन जास्त झालं की बंद पडतं

आमच्या ह्यांचं असं मत आहे की सूर्य उगवतो तो स्वतःच्या मर्जीने, पण एकदा उगवल्यावर त्याने काय करायचं हे ठरवण्यात ह्यांचाही थोडाफार वाटा असावा. गच्चीवर सोलर पॅनेलं बसली त्या दिवसापासून हे मत पक्कं झालं. त्याआधी हे विमा एजंट होते. जन्मभर लोकांना मरणाची भीती घालून घर चालवलं आणि निवृत्त झाल्यावर विजेच्या बिलाची भीती घालायला लागले. माणूस तोच, पिशवी तीच, आतले कागद तेवढे बदलले.

आमची गल्ली लहान आहे. तोंडाशी विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि त्याला खेटून बेकरी, मग शिंप्याचं घर, मग दंतवैद्यबाई, मग काही नोकरदार मंडळी, आणि रस्ता जिथे भिंतीला टेकून संपतो तिथे आम्ही. पहिली पॅनेलं लागली ती आमच्याकडे. मग ह्यांनी एकेकाला गाठायला सुरुवात केली. शिंप्याला शर्टाचं माप देता देता पटवलं. दंतवैद्यबाईंना तर स्वतःचं तोंड उघडं असताना पटवलं. बेकरीवाला सगळ्यांत चिवट, पण हे रोज सकाळी पाव आणायला स्वतः जायला लागले आणि शेवटी तोही शरण आला. ज्या माणसाने धडधाकट पैलवानाला अपघात विमा विकलाय, त्याच्यापुढे बेकरीवाला किती टिकणार?

पॅनेलांबरोबर ह्यांनी गल्लीला एक नियमही दिला. दुपारी बारा ते तीन घरात काही म्हणजे काही चालवायचं नाही. त्या वेळात पॅनेलं सगळ्यात जास्त वीज करतात. ती आपण वापरली नाही की तारेवाटे वीज कंपनीकडे जाते आणि मीटर ती आपल्या नावावर जमा धरतो. म्हणून कपडे धुवायचे ते सकाळी, इस्त्री करायची ती संध्याकाळी, आणि दुपारी नुसतं बसायचं.

"अहो, वीज आपली, मशीन आपलं, कपडे आपले. मग दुपारी लावलं तर काय बिघडलं?" मी एकदा विचारलं.

"दुपारी आपण घेणारे नसतो," हे छाती काढून म्हणाले. "देणारे असतो."

आता दानशूर माणसाशी वाद कोण घालणार? गल्लीनेही मुकाट्याने ऐकलं. शिंप्याने दुपारी वामकुक्षी सुरू केली, दंतवैद्यबाईंनी दुपारचे रोगी बंद केले, आणि बेकरीवाला विजेची मोठी भट्टी दुपारी लावायचा, ती तो पहाटे लावायला लागला. दुपारची गल्ली इतकी शांत झाली की समोर कुणी जांभई दिली तर आमच्याकडे ऐकू यावी.

आणि भट्टीचं ते मार्गी लागून थोडे दिवस होतात न होतात, तोच आमचंच सोलर बंद पडायला लागलं.

जिन्याच्या वळणावर भिंतीला इन्व्हर्टर आहे, म्हणजे पॅनेलांची वीज घरात चालेल अशी करून देणारा पांढरा डबा. त्यावर एक दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, नसलं की लाल. शेजारी लोखंडी पेटीत त्याचे स्विच. तर भर दुपारी हा डबा खट्ट असा आवाज करायचा आणि लाल व्हायचा. थोड्या वेळाने आपला आपण हिरवा, की परत खट्ट. उन्हं कलली की मग काही झालंच नाही असा चेहरा करून संध्याकाळपर्यंत सुरळीत.

हे आमच्याआधी आमच्या चिरंजीवाला कळलं. तो दुसऱ्या शहरात, उंच इमारतीत दहाव्या मजल्यावर राहतो. हुशार आहे, प्रेमळ आहे, पण कामच असं करतो की आलेख काढल्याशिवाय त्याला काही खरं वाटत नाही. आमच्या गच्चीवर किती वीज झाली ते त्याच्या मोबाइलवर दिसतं. चांगल्या दिवशी डोंगरासारखी रेघ येते म्हणे. आता त्या डोंगराचं डोकंच कुणी तरी खाल्लेलं दिसायला लागलं, आणि त्याचे फोन सुरू झाले. मी बरी आहे का, ह्यांचा खोकला गेला का, हे सगळं नंतर. आधी, "आई, बाराला शून्य का झालं?"

पॅनेल लावणाऱ्या कंपनीने माणूस पाठवला. त्याला काहीही विचारलं की तो "होऊन जाईल" म्हणायचा, म्हणून आम्ही त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. पहिल्यांदा आला तो सकाळी. डबा हिरवागार. त्याने पॅनेलं पुसली, तारांचे जोड घट्ट केले, चहा प्यायला आणि गेला. दुपारी खट्ट. दुसऱ्यांदा आला तो दुपारी, पण त्या दिवशी आभाळ आलेलं. डबा पुन्हा हिरवागार. दाढ ठणकते म्हणून जावं आणि दंतवैद्यबाईंच्या खुर्चीत बसल्याबरोबर ती गप्प व्हावी, तसे हे त्या डब्यासमोर उभे.

"मी सांगतो तुला काय होतंय ते," हे त्याला म्हणाले. "ऊन जास्त झालं की बंद पडतं. ढग आले की चालतं."

होऊनजाईलने आधी ह्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती नजर मला चांगली ठाऊक होती. म्हाताऱ्या माणसाबरोबर आलेल्या बाईकडे लोक तसं बघतात. सोलर म्हणे ऊन जास्त झालं की बंद पडतं! उद्या हा माणूस म्हणेल, पाणी जास्त झालं की मासा बुडतो. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं होतं. ते मी चहाच्या कपात लपवलं.

फाटकाबाहेर पडल्यावर त्याने आमच्या चिरंजीवाला फोन लावला. मी झाडांना पाणी घालत होते, त्यामुळे भिंतीआडून सगळं ऐकू आलं. "सिस्टीम एकदम ओके आहे, सर. कोणी तरी हाताने बंद करतंय. काकांचं वय झालंय ना, तुम्ही समजून घ्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण त्यातही ह्यांचा हात होता, कारण आमचे संन्यासी हात दाखवून अवलक्षण करण्यात पटाईत. पुढच्याच आठवड्यात चिरंजीव न सांगता आला आणि जिना चढून बघतो तर हे पेटी उघडून, स्विच खाली ओढून उभे.

"बाबा, काय करताय?"

"बंद करतोय."

"का?"

"चालू व्हावं म्हणून."

आता ह्यात ह्यांचं चुकलं काही नव्हतं. आमच्या पिढीने रेडिओ थापट मारून चालू केले, टीव्ही बंद करून चालू केले, आणि एकमेकांशी अबोला धरून संसारही चालू ठेवले. लाल दिवा दिसला की हे स्विच बंद करायचे, जरा थांबायचे आणि परत लावायचे. पण मुलाच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याने मनातल्या मनात एक आलेख काढला आहे आणि त्याची रेघ खाली चालली आहे.

मग काय, साप साप म्हणून भुई धोपटणं सुरू झालं. त्याच दिवशी ह्यांनी किटली गॅसवर ठेवली आणि शिंप्याशी बोलत बसले. किटली कोळसा झाली. मग चिरंजीवाने दूध घ्यायला फ्रिज उघडला तर लोण्याच्या डब्यावर चष्मा.

"आई, बाबांचा चष्मा फ्रिजमध्ये आहे."

"मग? तिथेच असतो."

"आई!"

"अरे, लग्न झालं त्याच महिन्यात मला ह्यांचं पावतीपुस्तक पिठाच्या डब्यात सापडलं होतं. हे म्हातारपण नाही रे. हा माणूस कारखान्यातूनच असा आलाय."

पण त्याला काही हसू आलं नाही. आणि वर ह्यांना खरं बोलायची हौस! मुलाने विचारलं, "बाबा, बंद केल्यावर परत चालू करायचं कधी राहिलं का?" तर हे म्हणतात, "राहिलं की एकदा. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, बोलत बसलो. संध्याकाळी लक्षात आलं." जन्मभर विमा विकला आणि नेमकं कुठे गप्प बसावं हे शिकायचं राहून गेलं.

जाताना चिरंजीव मला स्वयंपाकघरात म्हणाला, "महिनाअखेरीला मी गाडी घेऊन येतो. घर बंद करू. आमच्याकडे तुमची खोली तयार आहे. तिथे विस्मरणाचे चांगले डॉक्टर आहेत, बाबांना दाखवू." रागाने म्हणाला असता तर मी त्याला असं काही सुनावलं असतं की बस. पण तो मायेने म्हणाला. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. मायेने बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही.

त्या फ्लॅटमध्ये मी राहिले आहे. सगळं पुसलेलं, चकचकीत. गच्चीला सोसायटीचं कुलूप, शेजारच्या दारावर नाव आहे पण माणूस नाही. ह्यांना तिथे पटवायला कोण? लिफ्ट? आणि मी? मी तिथे दिवसभर ह्यांच्याकडे बघत बसणार, आज काय विसरले म्हणून. ज्या माणसावर मी जन्मभर मनसोक्त ओरडले, त्याच्याशी हळू आवाजात बोलायचं. नको गं बाई. त्यापेक्षा कोळसा झालेल्या किटल्या परवडल्या.

पण खरी भीती मला वाटली ती त्या नंतरच्या दिवसांत, कारण हे गप्प झाले. पाव आणायला जाईनात. शिंपी हाका मारून गेला तरी बाहेर आले नाहीत. एका संध्याकाळी मी इस्त्री करत होते, म्हणजे नियमाप्रमाणेच, तर हे समोर येऊन बसले. हातात सायकलचं जुनं कुलूप.

"अगं, हे पेटीला लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव. कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

"कशाला?"

"मीच बंद करत असेन." ते कुलपाकडे बघत होते. "करतो आणि विसरतो. तसं होतं म्हणतात. करणाऱ्याला कळतच नाही."

मी म्हणायला हवं होतं की काहीतरीच काय. पण म्हटलं नाही. कारण त्या क्षणी मलाही वाटलं, असेल का? मी इस्त्री तशीच धरून उभी राहिले आणि ह्यांच्याच शर्टाची बाही करपली. ह्यांनी ती बघितली आणि नजर परत कुलपाकडे वळवली. एरवी वर्षभर ऐकवलं असतं.

मी कुलूप लावलं. किल्ली साखरेच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवली.

आणि दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. दाट नाही, पातळ, दुधावरच्या सायीसारखं. मी दुपारी जिन्यात खुर्ची टाकून बसले. बारा वाजले, एक वाजला. डबा हिरवा. त्याच्याही दुसऱ्या दिवशी तसंच आभाळ, तसाच हिरवा. मुलाचा फोन आला. "आई, कुलूप लावलं आणि बंद पडायचं थांबलं, बघितलंस ना?" त्याचा आवाज अगदी हळुवार होता. मला फोन आपटावासा वाटला.

"अहो, ढग होते म्हणून चाललं असेल," मी ह्यांना म्हटलं. "तुम्हीच तर म्हणता."

"चोराच्याच सबबीवर विश्वास ठेवतेस होय?" हे म्हणाले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, हे मला कळत होतं. पण फांदी तुटली होती. ह्यांनी माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि भरायला घेतली. शर्ट नीट घड्या घालून. करपलेल्या बाहीचा सुद्धा. मी विचारलं, "हा कशाला?" तर म्हणाले, "घरात घालायला चालेल." त्या घराला ते आत्तापासून घर म्हणायला लागले, ह्याचा मला इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नळ बंद करून बाहेर आले तेव्हा बॅग दाराशी उभी होती.

ठरल्या दिवशी चिरंजीव गाडी घेऊन आला. आणि त्या दिवशी, काय सांगू, सकाळपासून असं ऊन पडलं की भिंतीकडे बघवेना. ढगाचा एक धागा नाही. चिरंजीव म्हणाला, चला, लवकर निघू, गाडीत उन्हाचा त्रास होईल. मी म्हटलं, जेवून. तो म्हणाला, वाटेत जेवू. मी म्हटलं, आंघोळ राहिलीय. मग केस वाळायचे राहिले. मग फ्रिज रिकामा करायचा राहिला. दंतवैद्यबाई निरोप द्यायला आल्या, तर मी त्यांना माझी न दुखणारी दाढ तपासायला लावली. साडेअकरापर्यंत मी असे नखरे केले की नव्या नवरीने लाजावं.

मग मी मुलाचा हात धरला, त्याला जिन्यात नेलं आणि खुर्चीवर बसवलं. "हा डबा. हे कुलूप. किल्ली साखरेत आहे. बाबा तुझ्यासमोर ह्या पायरीवर बसतील, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तू बघ."

"आई, हे काय..."

"बस म्हटलं ना!"

बसला. अजून घाबरतो मला, तेवढं एक बरं आहे. हे पायरीवर बसले, हात मांडीवर, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे. मी कठड्याला टेकून उभी. गल्लीत नेहमीसारखी शांतता. आणि मी मनातल्या मनात त्या डब्याला आजवर कुणाला केल्या नसतील अशा विनवण्या करत होते. पड रे बाबा बंद. पड. एवढ्या उन्हाचं सोनं कर आणि बंद पड.

खट्ट.

लाल.

"पडलं!" मी ओरडले. "बंद पडलं! अहो, बंद पडलं!" मी टाळ्या पिटत होते, उड्या मारत होते, माझे गुडघे मला काय म्हणत होते ते ऐकायला मी तिथे नव्हतेच. दंतवैद्यबाई त्यांच्या खिडकीत आल्या, शिंपी झोपेतून उठून रस्त्यात आला. कुणाची वीज गेल्याचा एवढा आनंद गल्लीत आजवर झाला नसेल. ह्यांनी मांडीवरचे हात उचलले नव्हते. ते त्या लाल दिव्याकडे बघत होते.

"मी नव्हतो," ते म्हणाले.

चिरंजीव उठला आणि डब्याच्या इवल्याशा पडद्याला नाक लावून उभा राहिला. तिथे एक आकडा यायचा आणि जायचा. आम्हाला तो दिसत नव्हता. होऊनजाईलला दिसला असता, पण त्याच्या समोर तो कधी आलाच नाही, आणि जुन्या नोंदी चाळून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. मुलाने मोबाइलवर त्या डब्याची माहिती काढली, आकड्याचा अर्थ शोधला आणि तो पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "बाहेरच्या तारेत व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त झालं की हा स्वतःला बंद करून घेतो."

बॅग दाराशीच राहिली. आणि कधी नव्हे ते वीज कंपनीचं माणूस दुसऱ्याच दुपारी आलं. माणूस म्हणजे इंजिनिअर बाई, उन्हाने वैतागलेल्या. त्यांनी आमच्या मीटरपाशी व्होल्टेज मोजलं, भुवया उंचावल्या आणि विचारलं, "ह्या गल्लीत पॅनेलं कुणाकुणाकडे आहेत?"

"सगळ्यांकडे," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांची छाती बाहेर आली. "मी लावायला लावली."

"आणि दुपारी घरांत काय काय चालू असतं?"

"काही नाही. मी बंद करायला लावलंय."

"बेकरीतली भट्टी?"

"ती तर पहाटे. तेही मीच सुचवलं."

बाईंनी पेन खिशात ठेवलं. "मग काका, तुमचं तुम्हीच बंद पाडलंत."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. भर दुपारी गल्लीतलं प्रत्येक घर त्याच एका तारेत वीज ढकलतं, आणि ती वापरणारं कुणीच नाही. जसजशी वीज जास्त ढकलली जाते तसतसं तारेतलं व्होल्टेज चढतं, आणि सगळ्यात जास्त चढतं ते तारेच्या टोकाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून सगळ्यात लांबच्या घरात. ते घर आमचं. मर्यादा ओलांडली की आमचा डबा शहाण्यासारखा बाजूला होतो. ढग असले की सगळ्यांचीच वीज कमी, म्हणून तो चालतो. ऊन जास्त झालं की बंद पडतं.

मी चिरंजीवाकडे बघितलं. तो खाली बघत होता. शब्दन् शब्द तेच. पहिल्या दिवसापासून हा माणूस तेच सांगत होता, आणि आम्ही तिघं शहाणी माणसं त्याला डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो. तिघांत मीही होते. हसू मी चहाच्या कपात लपवलं होतं.

म्हणजे शेवटी बंद ह्यांनीच पाडलं होतं. फक्त हाताने नाही, तोंडाने.

बाई म्हणाल्या, ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज थोडं उतरवून घेता येईल, पण त्याला वरच्या साहेबांची सही लागेल आणि साहेब रजेवर आहेत. तोवर दुपारी वीज वापरा. धुवा, वाटा, भाजा, काय वाटेल ते करा. एवढं ऐकताच हे उठले, पिशवी घेतली आणि उन्हातान्हात निघाले. ज्या ज्या दारात जाऊन दुपारी काही चालवू नका म्हणून पटवलं होतं, त्याच त्याच दारात जाऊन दुपारी सगळं चालवा म्हणून पटवायला. मी खिडकीतून ऐकत होते. शिंपी म्हणाला, "काका, तुम्हीच तर म्हणालात आपण देणारे!" त्यावर हे क्षणभरही अडखळले नाहीत. "अरे, नुसतं देऊन कसं चालेल? घ्यायलाही मोठं मन लागतं." तो पैलवान उगाच नाही फसला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता गल्लीत जो काही गोंगाट सुटला! शिंप्याची मशीनं, दंतवैद्यबाईंचं ते दातात घुसणारं यंत्र, कुणाचा मिक्सर, कुणाचं व्हॅक्यूम, आणि बेकरीतून ताज्या पावाचा वास. मी मशीनमध्ये पडद्यांपासून पायपुसण्यांपर्यंत घरातलं सगळं कोंबलं. इतके दिवस दुपारी हातावर हात ठेवून बसले होते त्याचं उट्टं काढलं. वर जाऊन बघितलं तर डबा हिरवा, आणि त्याच्यासमोर आमचा मुलगा खुर्चीत. हातात मोबाइल नव्हता.

"बाबा," हे वर आल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं."

"चुकलं कुठे? आलेख बरोबरच होता तुझा," हे म्हणाले. मग इकडे तिकडे बघत, "माझा चष्मा बघितलास का रे?"

तो खाली गेला आणि फ्रिजमधून चष्मा घेऊन आला. गार काचा स्वतःच्या शर्टाला पुसून त्याने तो ह्यांच्या हातात दिला. संध्याकाळी निघताना बॅग त्यानेच माळ्यावर चढवली. रिकामी करायला मात्र विसरला. आमचंच रक्त आहे, दुसरं काय.

तो गेल्यावर मी साखरेच्या डब्यात हात घातला, चिकट झालेली किल्ली काढली, धुतली आणि ह्यांच्यासमोर धरली. "घ्या. कुलूप काढून टाका ते."

ह्यांनी किल्ली घेतली नाही. माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"राहू दे तुझ्याजवळ," ते म्हणाले. "ह्या वेळी मी नव्हतो. पण पुढे कधी तरी मीच असेन. खरंच बंद करेन आणि विसरेन. तेव्हा गं?"

खाली मशीनचा शेवटचा फेरा चालू होता, त्याने जमीन थरथरत होती. मला ह्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्ही एकदम जमेना, म्हणून मी त्यांचा चष्मा सरळ केला.

"तेव्हा कुणी विचारलं तर मी सांगेन," मी म्हटलं, "ऊन जास्त झालं होतं."